न कळण्याची ढाल

१९९४ साली संसदेने गर्भलिंग तपासणीवर देशभर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा मी त्याच्या विरोधात होते. महाराष्ट्रात तशी बंदी १९८८ पासूनच होती आणि तीही मला पटलेली नव्हती. मुलगी कुणाला नकोशी होऊ नये असं मलाही मनापासून वाटायचं. माझा आक्षेप वेगळा होता. जी गोष्ट कळू शकते ती कायद्याने झाकून ठेवायची, हेच मला मान्य नव्हतं. माहिती दडवून आजवर कुणाचं भलं झालंय, असं मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात उभी राहून विचारलेलं आहे. शिक्षण वाढू द्या, माणसं आपोआप शहाणी होतील, असं मी म्हणायचे. हे बोलणं वरवरचं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली माझी सगळी नोकरी याच भरवशावर उभी होती.

आज मी त्या बंदीच्या बाजूने आहे. ती आणखी काटेकोरपणे राबवावी, असं म्हणणाऱ्यांत आहे. हे मत का पालटलं ते सांगायचं तर आधी ते कुठून आलं होतं ते सांगावं लागेल, कारण ज्या अनुभवातून ते आलं तो अनुभव खोटा नव्हता.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई तालुक्यातलं. आजोबांच्या काळी अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत आणि राज्य निजामाचं होतं. कचेरीची भाषा उर्दू. आमच्या घरी पत्र्याची एक ट्रंक होती. तिच्या तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक कागद असायचा. जाड, पिवळा पडलेला, वरच्या बाजूला गोल शिक्का, आणि उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या ओळी. कागद जमिनीचा होता. आजोबांना मराठी अक्षरं जोडून वाचता यायची, उर्दूचा मात्र गंध नव्हता. असा कागद आला की तो घेऊन तालुक्याला जायचं, वाचणाऱ्याला गाठायचं, त्याच्या हातावर काहीतरी टेकवायचं आणि तो सांगेल ते ऐकून घरी यायचं. त्याने पुरतं सांगितलं की निम्मं, हे ताडून पाहायला काही मार्ग नव्हता. बांधालगतची जमिनीची एक पट्टी आपल्या हातून अशीच गेली, असं आजोबा शेवटपर्यंत म्हणत. त्यांनी वडिलांना शाळेत घातलं ते या एका गोष्टीसाठी.

त्या राजवटीत माहितीवर पहारा होता, हे मी घरात ऐकत वाढले. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढायची. त्या हुकमाचं 'गश्ती निशाण ५३' हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी कायम असायचं. मराठीतून शिकवणाऱ्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते तो हाच काळ. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं. सरकारने त्यावर बंदी घातली की वाघमारे दुसऱ्या नावाने अंक काढत, त्यावरही बंदी आली की तिसऱ्या. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि पुढे आमच्या कचेऱ्यांत मराठी आली. वाचता येणं आणि नागवलं न जाणं, या दोन गोष्टी आमच्या घरात एकच होत्या. आजही ट्रंकेतल्या त्या कागदापुरतं मला तेच वाटतं.

त्यामुळे वर्गात मी इतिहास चढत्या क्रमाने शिकवायचे. शके १११० मध्ये विवेकसिंधू लिहिणारे मुकुंदराज, ज्यांची समाधी आमच्या अंबाजोगाईत आहे, त्यांनी ज्ञान संस्कृतातून मराठीत आणलं. चारशे वर्षांनी त्याच गावात दासोपंतांनी गीतेवर ओव्यांचा डोंगर रचला आणि पंचीकरण लिहायला कागदाऐवजी कापडाची लांबलचक पासोडी घेतली. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. बीडच्या पाटांगणावर वि. का. राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी सापडली आणि १९०९ मध्ये ती छापून निघाली. पुढे रेडिओ, टीव्ही, फोन. प्रत्येक टप्प्यावर माहिती थोड्या हातांतून जास्त हातांत जाते आणि माणूस आणखी थोडा मोकळा होतो, असं मी सांगायचे. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध दरवर्षी असायचाच. त्याचा शेवटही ठरलेला: हत्यार वाईट नसतं, ते धरणारा हात वाईट असतो.

सोनोग्राफीची गोष्ट मी याच चालीवर सांगायचे. ती गोष्ट आहेही विलक्षण. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयन डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. धातूच्या जाड पत्र्यात आत कुठे भेग आहे का, हे ध्वनिलहरी सोडून शोधणारं यंत्र तिथल्या कारखान्यात होतं. तेच तत्त्व माणसाच्या पोटावर चालेल का, असं डोनाल्डना वाटलं. चाललं. १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख आला, आणि चाकू न लावता पोटातलं दिसू लागलं. आमच्या भागात बाळंतपणात बाई दगावणं ही नवलाची गोष्ट नव्हती. बाळ आडवं आहे, वार खाली आहे, गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिलाय, हे आधी कळलं तर बाईला वेळेत अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेता येतं. अशा वाचलेल्या बाया माझ्या नात्यात आहेत. त्या यंत्राबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

मग फेब्रुवारी २०११ ची जनगणना आली. मी प्रगणक होते. ज्यांनी हे काम केलंय त्यांना तो फॉर्म आठवत असेल: लांबरुंद कागद, बारीक चौकटी, प्रत्येक चौकटीत एकच अक्षर किंवा एकच आकडा. फॉर्मला घडी पडता कामा नये, कारण तो पुढे यंत्र वाचणार होतं. त्यात लग्न झालेल्या बाईला विचारायचे काही प्रश्न होते. आजवर जन्मलेली मुलं किती, मुलगे किती, मुली किती, त्यांपैकी हयात किती. जिवंत जन्मलेलीच मुलं मोजायची. जन्माआधी जे झालं असेल त्याला त्या तक्त्यात जागा नव्हती.

पुरुष प्रगणकाला ओसरीवर बसवतात, बाईला चुलीपाशी नेतात. तिथे फॉर्मच्या बाहेरचं बरंच ऐकायला मिळतं. एका घरी दोन मुली सात-आठ वर्षांच्या, आणि त्यांच्या पाठीवर मधली बरीच वर्षं सोडून एक तान्हा मुलगा. मधल्या वर्षांबद्दल मी काही विचारलं नव्हतं. तशी चौकटही नव्हती. भाकरी थापता थापता ती बाई आपणहून बोलली. कुणाबद्दल बोलत होती तेही तिने सांगितलं नाही.

"आमच्या सासूबाईच्या वक्ताला बरं व्हतं, बाई. पोटात काय हाय ते देवालाच ठावं. पोरगी झाली की चार दिस बोलायचे, मग गप व्हायचे. बाईला दोष देता येत नव्हता. आता समद्याला माहीत झालंय की कळतंय. कळतंय म्हणल्यावर, तू बघितलं का न्हाईस, असं इचारतेत."

मी फॉर्म गुडघ्यावर तसाच धरून बसले. मी आयुष्यभर जे शिकवलं होतं त्याच्या बरोबर उलट काहीतरी ही बाई मला सांगत होती. न कळणं ही तिच्या सासूची ढाल होती. ती ढाल आमच्या विज्ञानाने काढून घेतली. माहिती आली, पण ती तिच्यासाठी आली नव्हती. ती तिच्याबद्दलची होती आणि इतरांच्या हाती गेली होती. पूर्वी जे दैवावर ढकलता येत होतं ते आता तिच्या अंगावर आलं: तपासलं नाहीस तर हट्टी, तपासलंस आणि पुढचं केलं नाहीस तर घरबुडवी. तपासणी निघण्याआधी तिला कुणी काही निवडायला सांगत नव्हतं. तपासणी निघाल्यावरही निवड तिची नव्हती, पण निवडीचा जाब मात्र तिला होता.

काही महिन्यांत आकडे आले. शून्य ते सहा वर्षं वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती, याचा बीड जिल्ह्याचा २००१ चा आकडा ८९४ होता. २०११ चा अंतिम आकडा ८०७. महाराष्ट्रात सगळ्यांत खालचा. आमच्या शाळेच्या पहिलीच्या हजेरीपटावर तो दिसतच होता. मुलींची नावं लवकर संपायची. रोज हजेरी घेत होते तरी मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

मला त्याहून जास्त हादरवलं ते शेजारच्या रकान्याने. याच दहा वर्षांत जिल्ह्यातली साक्षरता वाढून ७७ टक्क्यांच्या घरात गेली होती. म्हणजे वाचणारी माणसं वाढली आणि मुली घटल्या. मग मी इतर जिल्ह्यांचे आकडे काढून बसले. २००१ मध्ये, आमच्या आधीच, शिकलेलं-सवरलेलं आणि उसाच्या पैशाने सुखवस्तू झालेलं कोल्हापूर ८३९ वर आलेलं होतं. आणि २०११ मध्ये राज्यात सर्वांत बरं प्रमाण कुठे, तर गडचिरोलीत, ज्याला आपण सगळे मागास म्हणतो. शिक्षण वाढलं की माणूस आपोआप शहाणा होतो, हे माझं जे वाक्य होतं, त्याला हे आकडे कुठूनच धरून नव्हते. शिकलेल्या माणसाला दवाखान्याचा पत्ता लवकर सापडतो, एवढंच त्यांतून दिसत होतं.

इथे कुणी म्हणेल की दोष यंत्राचा नाही, हुंड्याचा आहे. हुंड्याचा आहेच. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे एक कोयता म्हणतात, आणि मुकादम कोयत्याच्या हिशेबाने आगाऊ उचल देतो. मुलीचं लग्न बहुधा त्या उचलीतूनच होतं, आणि ते लवकर उरकतात, कारण आई-बाप फडात असताना वयात आलेली मुलगी मागे ठेवायची कुणाच्या भरवशावर, हा प्रश्न खराच आहे. मुलगी नको हे मागणं यंत्राने जन्माला घातलं नाही. पण यंत्र नव्हतं तेव्हा ते मागणं नवसात, व्रतात आणि टोमण्यात अडकून पडत होतं. यंत्राने त्याला रस्ता करून दिला. शिवाय यंत्र एकटं येत नाही. त्याच्याबरोबर कर्जाचा हप्ता येतो, हप्ता फेडण्यासाठी गिऱ्हाईक लागतं, गिऱ्हाईक आणणारा मधला माणूस लागतो. हत्यार वाईट नसतं, हे वाक्य म्हणून मी पुढे निबंधात लिहून घेणं थांबवलं. समाज आधीपासून जे विचारत असतो तेच यंत्राला आधी विचारतो, आणि उत्तर मिळायला लागलं की तोच प्रश्न दसपट मोठ्याने विचारतो. गडचिरोलीच्या आकड्याचा अर्थ मी असा लावते. यंत्र पोचायला वेळ लागला हे एक कारण असेल, पण तिथल्या आदिवासी समाजात हा प्रश्न या पद्धतीने विचारलाच जात नव्हता, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आजोबांचा कागद मला तेव्हा नव्याने समजला. सोनोग्राफीच्या पडद्यावरचं करडं चित्र त्या बाईला वाचता येत नाही. ते दुसऱ्याने वाचायचं आणि सांगायचं. सांगतानाही तिला नाही, बाहेर बसलेल्या माणसांना. पेढे आणा म्हटलं की मुलगा, जिलबी म्हटलं की मुलगी, अशा खुणा आमच्याकडे सगळ्यांना पाठ होत्या. कागद नाही, सही नाही, एका शब्दात काम. ज्याला वाचता येतं तो वाचण्याचे पैसे घेतो आणि ज्याच्या अंगावर परिणाम होणार तो आंधळाच राहतो, हे निजामाच्या कचेरीत होतं तेच इथे होतं. मी लहानपणापासून उर्दूचा राग करत आले होते. राग खरा तर या व्यवस्थेचा असायला हवा होता: एकाबद्दलची माहिती, दुसऱ्याच्या ताब्यात, तिसऱ्याला विकलेली.

कायद्याकडे मी या नजरेने पुन्हा पाहिलं. तो निव्वळ बंदी घालत नाही, हे मी आधी नीट वाचलंच नव्हतं. तपासणीआधी भरायच्या 'एफ फॉर्म'मध्ये बाईचं नाव, तिला आधीचे मुलगे किती, मुली किती, तपासणी कशासाठी, पाठवलं कुणी, हे सगळं लिहावं लागतं, आणि गर्भाचं लिंग कुणालाही सांगितलं नाही हे डॉक्टरला सहीनिशी लिहून द्यावं लागतं. म्हणजे पडद्यावरची एक गोष्ट झाकायची आणि पडद्यामागचा व्यवहार उघडा पाडायचा. हा कायदाही पहिली काही वर्षं कागदावरच होता. पुण्याची मासूम, मुंबईची सेहत या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने सरकारांना जाब विचारला, आणि २००३ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन त्याला दात आले. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांच्या लेक लाडकी अभियानाच्या कार्यकर्त्यांनी गरोदर बायांना बरोबर घेऊन छुप्या कॅमेऱ्याने हे व्यवहार पकडले. अशा कामाला पोटात बाळ असलेली बाई तयार होते, हे धाडस किती मोठं आहे ते आमच्या भागात राहणाऱ्यालाच कळेल. कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी आणि लेखक लक्ष्मीकांत देशमुख यांनी प्रत्येक तपासणीची चित्रं साठवून ठेवणारं 'सायलेंट ऑब्झर्व्हर' उपकरण सोनोग्राफी यंत्रांना बसवून घेतलं. डॉक्टरांची संघटना त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०११ मध्ये न्यायालयाने उपकरणाच्या बाजूने निकाल दिला.

आमच्याकडे जाग आली ती मात्र एका मरणाने. मे २०१२ मध्ये परळीच्या एका खासगी दवाखान्यात गर्भपात करताना एक विवाहिता गेली. त्या प्रकरणाने सारा देश बीडकडे बघू लागला. २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने तो दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. २०१२ च्या त्या दिवसांत गावोगाव फेऱ्या निघाल्या, आम्हीही मुलांना घेऊन घोषणा देत फिरलो. घोषणांनी किती फरक पडला मला ठाऊक नाही. यंत्रांची तपासणी होऊ लागली, काही सील झाली, आणि त्याने फरक पडला असं मला वाटतं.

एवढं वाचून कुणाला वाटेल की ही बाई आता माहितीच्याच विरोधात गेली. तसं नाही, आणि ते का नाही हेही आमच्याच जिल्ह्याने मला शिकवलं. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ बायांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. फडात पाळीच्या दिवसांत ना आडोसा ना पाणी, एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, पांढरं जाण्याचा आणि पोटदुखीचा त्रास अंगावर काढलेला. अशी बाई दवाखान्यात गेली की तिला सांगितलं जायचं: पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. एवढ्या एका वाक्यावर पंचविशी-तिशीतल्या बाया ऑपरेशनला तयार झाल्या. कर्ज काढून. पिशवी गेल्यावर पुढे अंगावर काय काय येतं, कंबर, हाडं, गरम वाफा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरला दाखवून बघ, हेही नाही.

इथे माहिती हवी होती. भरपूर हवी होती, तिच्या भाषेत आणि तिच्या हातात. तीच बाई, तेच सोनोग्राफीचं यंत्र. एका वेळी जे तिला कळायला हवं ते सांगितलं जात नाही, दुसऱ्या वेळी जे इतरांना कळू नये ते सांगितलं जातं. त्यानंतर खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. मला ती अट योग्य वाटते, पण तिच्यापेक्षाही जास्त मोलाचं मला हे वाटतं की आता काही गावांत बाया रिपोर्टचा कागद मागून घेतात, पिशवीत घालून घरी आणतात आणि शेजारच्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घेतात.

अलीकडे जुन्या कागदांचा आणखी एक अनुभव आला. सप्टेंबर २०२३ मध्ये निजामकालीन दस्तऐवजांतल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि शंभर वर्षं धूळ खात पडलेल्या बस्त्यांना एकदम जीव आला. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मागणी आली, पानं स्कॅन होऊन जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर गेली. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. ओळखीच्या कुटुंबासाठी एका शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर चाळताना मला जे दिसलं ते सांगते. पानामागून पान मुलांची नावं, बापाचं नाव, जात, जन्मतारीख. मी उलटलेल्या पानांत मुलगी जवळपास नव्हतीच. आजच्या नातीला जातीचा दाखला काढायचा तर तो बापाच्या, आजाच्या, पणजाच्या नावावरून निघतो. पणजीच्या नावाचा कागदच नाही. आपल्याकडच्या कागदांनी बाईला शंभर वर्षं वगळलं, आणि तिला मोजायला निघालेलं पहिलं यंत्र तिच्या जन्माआधीच पोचलं.

माझी भाची डॉक्टर आहे. तिच्याशी माझा अजून वाद चालतो. २०१६ मध्ये तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी उलटा उपाय सुचवला होता: प्रत्येक गरोदर बाईची लिंग तपासणी सक्तीने करा, मुलगी आहे हे नोंदवून ठेवा, आणि ती जन्माला येते की नाही यावर लक्ष ठेवा. भाचीला त्यात तथ्य वाटतं. ती म्हणते, मावशी, बंदी किती दिवस पुरणार? आईच्या रक्तात बाळाचे जनुकीय अंश सापडतात हे १९९७ मध्येच डेनिस लो यांनी दाखवून दिलंय. आता थोड्याशा रक्तावर काम होतं, ना यंत्र ना पडदा. कायद्याने तेही बंद आहे, पण रक्ताची कुपी कुरियरने कुठेही जाते, तिला तुमचा सायलेंट ऑब्झर्व्हर काय करणार? तिचा मुद्दा बिनतोड आहे, आणि कुपीवर नजर कशी ठेवायची याचं उत्तर सरकारला आज ना उद्या शोधावंच लागेल. पूर्वीची मी असते तर मनेका गांधींच्या सूचनेला टाळ्या वाजवल्या असत्या. आज मी भाचीला विचारते, तिसऱ्या महिन्यात घरात कळलं की मुलगी आहे, तर पुढचे सहा महिने ती बाई त्या घरात कशी राहील? सरकार दाराबाहेर नजर ठेवेल. दाराच्या आत तिला उपाशी ठेवलं, जिन्यावरून ढकललं, कुठलं तरी औषध पाजलं आणि 'आपोआप पडलं' म्हणून सांगितलं, तर नोंदवहीत काय लिहिणार? नोंद झाली की पहिला गुन्हेगार तीच ठरेल. यावर भाची गप्प बसत नाही, पण विषय रक्ताच्या कुपीकडे नेते.

आता २०२७ ची जनगणना येते आहे. प्रगणकांच्या हातात या वेळी कागदाऐवजी मोबाइल असणार, त्यामुळे गावागावाचे आकडे पूर्वीपेक्षा लवकर हाती येतील. माझं मागणं आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीकडे आहे आणि ते मी लेखी देणार आहे. शून्य ते सहा वयोगटातले मुलगे किती आणि मुली किती, हे दोन आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा आणि पंचायतीच्या भिंतीवर रंगवा. त्याखाली कोणत्याही घराचं नाव नको, कोणत्याही बाईचं तर अजिबात नको. आणि ते वाचून झाल्यावर सभेत पहिल्यांदा बोलायला पुरुषांना उभं करा.